आधी तळ, मग काठ : कचऱ्याच्या डब्यातली पिशवी जागची हलू नये म्हणून

"मावशी, पिशवी परत आत गेली."

जूनमध्ये भाची पुण्यात नोकरीला लागली. दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला, भांडीकुंडी जमवली, गॅसचं कनेक्शन झालं आणि पंधरा दिवसांत तिचा व्हिडिओ कॉल आला तो कचऱ्याच्या डब्यापाशी उकिडवं बसून. फोन तिने सरळ डब्यावर धरला. काळी पिशवी एका बाजूने काठावरून सुटून आत गोळा झाली होती. तिच्यावर चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं. चोथ्याचं तपकिरी पाणी पिशवी आणि डबा यांच्या मधल्या फटीतून सावकाश खाली उतरत होतं. रबर बँड लावून झाला होता, सेलोटेपही लावून झाली होती.

मी विचारलं, "पिशवी लावलीस तेव्हा ती खाली तळाला टेकली होती का?"

"तळाला? ते नाही गं बघितलं. काठावर मात्र नीट दुमडली होती."

सगळी मेख तिथेच आहे. पिशवी काठावरून सुटते म्हणून आपण काठाचा बंदोबस्त करायला जातो, पण ती सुटते तळामुळे. पिशवीचा तळ डब्याच्या तळाला टेकलेला नसेल तर पिशवी काठाला नुसती टांगलेली असते. कोथिंबिरीच्या काड्या आणि लसणाची सालं पडेपर्यंत ते चालून जातं. कलिंगडाची सालं पडली की सगळं वजन काठावरच्या दोन बोटं दुमडीवर येतं, आणि गुळगुळीत डब्यावरून गुळगुळीत पिशवी घसरते. तीच पिशवी तळावर बसलेली असेल तर वजन डबा पेलतो. काठावरच्या दुमडीला मग पिशवीचं तोंड उघडं धरण्यापुरतंच काम उरतं, आणि तेवढं काम एक साधी गाठही करते.

म्हणून आधी तळ, मग काठ. नव्याने घर मांडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. खाली सगळं क्रमाने लिहिते आहे.

पिशवी घ्यायच्या आधी डबा मोजा

दुकानात पिशव्यांच्या गुंडाळ्या स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मिळतात. नवखा माणूस "मोठी असलेली बरी" म्हणून एक माप वरचं उचलतो. मोठी पिशवी हीच घसरणारी पिशवी असते, कारण तिचं तोंड डब्याच्या काठापेक्षा कितीतरी सैल असतं. उरलेला घोळ कुठे तरी जमा होतो आणि तिथूनच पिशवी सुटते.

पाकिटावर इंचांत दोन आकडे छापलेले असतात. बहुतेक ठिकाणी स्मॉल म्हणजे १७ बाय १९, मीडियम १९ बाय २१ आणि लार्ज २४ बाय ३२. यातला पहिला आकडा पिशवी सपाट ठेवल्यावरची रुंदी, दुसरा लांबी. रुंदीची दुप्पट केली की तोंडाचा घेर मिळतो. आता एक सुतळी घ्या, डब्याच्या काठाभोवती एक वेढा द्या, आणि ती सुतळी मोजपट्टीवर धरा.

स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या गोल डब्याचं तोंड १० इंचांचं असेल तर सुतळी साधारण साडेएकतीस इंच भरते. स्मॉल पिशवीचा घेर ३४. म्हणजे अडीच इंच सैल, अगदी हवी तेवढी. मीडियमचा घेर ३८, साडेसहा इंच सैल; गाठ मारून भागेल. लार्जचा ४८. त्या साडेसोळा इंचांच्या घोळाला कुठलाही रबर बँड पुरा पडत नाही. भाचीच्या घरी हेच झालं होतं : डबा १० इंची आणि पिशवी लार्ज.

घेराचं जुळलं की लांबी बघा. इथे बहुतेकजण डब्याच्या उंचीएवढी पिशवी धरतात आणि फसतात. पिशवीला डब्याची उंची उतरून जायचं असतं, शिवाय तळाच्या मध्यापर्यंत पोचायचं असतं, आणि वर काठावरून बाहेर तीन इंच तरी दुमडायचं असतं. डबा ११ इंच उंच आणि तळाला ८ इंच रुंद असेल, तर ११ अधिक तळाची निम्मी रुंदी ४, अधिक दुमड ३, असे १८ इंच लागतात. स्मॉलची लांबी १९ आहे, म्हणजे बरोबर बसते. डबा १३ इंच उंच, तोंडाला १२ आणि तळाला १० इंच असेल तर हाच हिशोब २१ वर जातो आणि मीडियम पिशवी जणू त्याच्यासाठीच शिवल्यासारखी बसते. घेर आणि लांबी यांपैकी एकच जुळत असेल तर लांबी जुळणारी घ्या. सैल घेर गाठीत बांधता येतो, अपुरी लांबी ताणून वाढत नाही.

चौकोनी डब्याला सुतळी चारही बाजूंनी फिरवा, बाकी हिशोब तोच. चौकोनी डब्याचे कोपरे पिशवी स्वतःच अडवून धरतात, त्यामुळे तिथे त्रास मुळात कमी असतो.

एक गोष्ट हाताला कळते. पिशवी बोटांत चुरगाळून बघा. एक जात कागदासारखा चुरचुर आवाज करते. ती ताणली जात नाही, आणि एकदा कुठे टोचली की चीर सरळ खालपर्यंत धावते. दुसरी मऊ, किंचित तेलकट वाटणारी, बिनआवाजाची. ती थोडी ताणते, म्हणून काठावरून ओढून बसवली की घट्ट धरून राहते. चार पैसे जास्त गेले तरी ओल्या कचऱ्याला आणि जड वस्तूंना पिशवी लावायचीच झाली तर मी मऊच घेईन. कागद, वेष्टनं आणि रिकामे खोके टाकायच्या डब्याला चुरचुरणारी चालते.

पिशवी लावायची रीत

डबा कोरडा हवा. धुऊन लगेच पिशवी लावली तर ओल्या भिंतीला ती मध्येच चिकटते आणि तळापर्यंत उतरतच नाही.

गुंडाळीतून पिशवी फाडली की आधी तिचं तोंड कुठलं ते ओळखा. एका टोकाला काठापासून थोड्या अंतरावर चिकटवलेली रेघ दिसते, तो तळ. दुसरं टोक उघडं. ते उघडत नसेल तर अंगठा आणि तर्जनी किंचित ओली करून दोन पदर एकमेकांवर चोळा. पिशवी उघडली की दोन्ही हातांनी तोंड धरून एकदा हवेत जोरात झटका, म्हणजे ती पूर्ण फुगते आणि तळाचे दोन्ही कान बाहेर येतात.

आता डब्यात सोडा, आणि इथे थांबा. काठ दुमडायची घाई करू नका. पिशवीत हात घाला, मूठ करून तळ खाली दाबा, मग बोटांनी कडेकडेने एक फेरी मारा. पिशवी आणि डबा यांच्या मध्ये अडकलेली हवा कडेने वर निघताना फुस्स असा आवाज येतो. तो आला की समजा काम झालं. काठ आधी दुमडला असता तर ही हवा जाणार कुठे? वरचं तोंड बंद, खालचा डबा बंद. पिशवी मग तळापासून चार-पाच बोटं वर तंबूसारखी उभी राहते. वरून बघताना डबा व्यवस्थित दिसतो. पहिला जड कचरा पडला की तंबू खाली बसतो आणि बसताना काठावरची दुमड आत ओढून नेतो. भाचीच्या डब्यात रोज हेच चाललं होतं.

तळ बसला की त्याचे दोन कान आतल्या बाजूला दुमडून सपाट करा. पिशवी गळते ती बहुतेक वेळा या कोपऱ्यांतून. नंतर वर्तमानपत्राचं एक पान चार घड्या करून पिशवीच्या आत तळाशी ठेवा. त्याचे दोन फायदे : पिशवी रिकामी असतानाही तळाला टेकून राहते, आणि पहिलं पाणी कागद पितो.

आता काठ. तोंड चारही बाजूंनी सारखं बाहेर दुमडा, तीन इंच. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला एक असं झालं, तर एक इंचाची बाजू रात्रीपर्यंत आत गेलेली असेल. दुमडून झालं की तळहाताने काठाभोवती एक फेरी मारून सुरकुत्या एकाच जागी गोळा करा. जो घोळ उरतो तो असा एका ठिकाणी आला पाहिजे, सगळीकडे विखुरलेला राहू नये.

घोळाची गाठ आणि काठ धरायचे बाकी उपाय

हा जमवलेला घोळ चिमटीत धरा, सशाच्या कानासारखा बाहेर ओढा, दोन पीळ द्या आणि त्याचीच सुरगाठ मारा. निरगाठ नको. निरगाठ बसली की पिशवी काढताना ती फाडावी लागते, आणि भरलेली पिशवी फाडण्यासारखा दुसरा त्रास नाही. सुरगाठीचं टोक ओढलं की ती सुटते. गाठ काठाच्या खालच्या अंगाला, डब्याच्या बाहेरच्या पन्हाळीखाली सरकवा. बहुतेक डब्यांच्या तोंडाला बाहेर वळवलेली कड असते, गाठ त्या कडेखाली अडकली की वर सरकायचं नाव घेत नाही. बऱ्याच घरांचं काम एवढ्यावर भागतं. पैसा लागत नाही, वस्तू लागत नाही.

डबा अगदी सरळसोट, बिनकडेचा असेल तर गाठीला आधार मिळत नाही. त्याला बंद लागतो. दुधाच्या पिशवीचा रबर बँड एवढ्या मोठ्या डब्याला पुरत नाही, आणि ओढूनताणून बसवला तरी दोन दिवसांत तुटतो. त्याऐवजी शिवणाच्या दुकानातून अर्धा इंच रुंदीचं इलॅस्टिक आणा, परकराच्या किंवा पायजम्याच्या कमरेला घालतात ते. सुतळीने मोजलेल्या घेराच्या चार पंचमांश लांबी घ्या. साडेएकतीस इंचाच्या घेराला पंचवीस इंच, अधिक जोडाला एक इंच. दोन टोकं एकावर एक ठेवून हातानेच चार घट्ट टाके घाला. असं कडं माझ्या ओट्याखालच्या डब्याला गेली तीन वर्षं आहे, आठवड्यातून एकदा कपड्यांबरोबर धुतलं जातं. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा पहिला.

सायकल दुरुस्तीच्या दुकानात निकामी ट्यूब सहज मिळते. ती आडवी कापली तर कडं फार लहान निघतं, म्हणून लांबीच्या दिशेने दोन बोटं रुंद पट्टी कापायची आणि डब्याच्या मापाची बांधायची. रबराची पकड कापडापेक्षा चांगली असते. वास मात्र पहिले काही दिवस येतो, त्यामुळे ही पट्टी गच्चीतल्या किंवा सोसायटीच्या मोठ्या डब्यांसाठी ठेवावी.

कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात, पण निदान चार हवेत, समोरासमोर. दोन चिमट्यांत पिशवी मधल्या भागातून झोळीसारखी खचते. कागदांना लावायच्या काळ्या लोखंडी क्लिपा पातळ काठाच्या डब्याला घट्ट बसतात. ओलसर जागी त्या गंजतात, एवढं लक्षात ठेवा. चिकटपट्टीच्या वाटेला जाऊ नका. ओल्या, तेलकट डब्यावर ती धरत नाही, आणि सुटल्यावर मागे राहिलेल्या गोंदावर धूळ बसते.

काहीजण पिशव्यांची अख्खी गुंडाळी डब्याच्या तळाशी, लावलेल्या पिशवीखाली ठेवतात, म्हणजे पुढची पिशवी हाताशी राहते. कोरड्या कचऱ्याच्या डब्यात खुशाल ठेवा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात एकदा जरी गळती झाली तरी सगळी गुंडाळी वाया जाते.

नाडीच्या पिशव्या आता आपल्याकडेही मिळतात. अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या मंडळींना स्वयंपाकघरात त्याच दिसतील. तिथला नेहमीचा डबा १३ गॅलनचा, म्हणजे आपल्या हिशोबाने ४९ लिटरच्या आसपास, आणि पिशवीही त्याच मापाची. तोंड काठावरून बाहेर दुमडा, नाडी एका बाजूने ओढून डब्याच्या कडेखाली घट्ट करा आणि उरलेला फास कडेखाली खोचा. तळ दाबून हवा काढायची पायरी तिथेही चुकत नाही. डबा उंच असल्यामुळे तिथे उलट जास्तच लागते.

हवेला वाट

रोज हाताने हवा काढायचा कंटाळा येतो, आणि भरलेली पिशवी काढताना हीच हवा उलट्या बाजूने छळते. पिशवी डब्याला आतून घट्ट बसलेली असते, आपण वर ओढतो, खाली पोकळी तयार होते, आणि बाहेरची हवा आत यायला वाट नसल्यामुळे पिशवी जणू कुणी खालून धरून ठेवल्यासारखी अडते. जोर लावला की ती तळाशी किंवा बोटं रुतली तिथे फाटते.

यावर एकदाच करायचा उपाय म्हणजे डब्याला भोकं पाडणं. प्लास्टिकच्या डब्याला तळापासून तीन इंच वर, समोरासमोर दोन भोकं, प्रत्येकी करंगळी जेमतेम जाईल एवढी. तळाला पाडू नका, पिशवी कधी गळली तर पाणी फरशीवर येईल. घरात ड्रिल नसेल तर जाडसर खिळा पकडीत धरून गॅसवर तापवा आणि डब्याच्या भिंतीतून आरपार घाला. खिडकी उघडी ठेवा, तोंड लांब ठेवा, जळक्या प्लास्टिकचा धूर छातीत जाऊ देऊ नका, आणि मुलं जवळ असतील तर हे काम त्यांच्या झोपेच्या वेळी करा. भोकाच्या आतल्या बाजूला वितळलेल्या प्लास्टिकची टोकदार कड राहते. ती गार झाल्यावर सुरीने खरवडून पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर पिशवी तिथेच फाटेल. दोन भोकं पाडलेल्या डब्यात पिशवी सोडली की ती आपोआप खाली बसते आणि भरल्यावर एका हाताने वर येते.

भाड्याच्या घरातला डबा घरमालकाचा असेल तर भोकं पाडायच्या आधी विचारा. किंवा तेवढ्यापुरती युक्ती म्हणून एक जाड सुतळी पिशवी लावण्यापूर्वी डब्याच्या आतल्या बाजूने काठापासून तळापर्यंत सोडा. सुतळीच्या दोन्ही अंगांना राहिलेल्या बारीक फटीतून हवा ये-जा करते.

झाकणाचे डबे

पायाने दाबायच्या डब्यात दोन भाग असतात, बाहेरचं कवच आणि आतली काढता येणारी बादली. पिशवी आतल्या बादलीला लावायची, कवचाला नाही. बादली बाहेर काढून, वर सांगितलं तशी पिशवी लावून, दुमड बादलीच्या बाहेरच्या अंगाला घेऊन मग ती कवचात ठेवा. कवचाची भिंतच दुमड दाबून धरते. काही डब्यांना वरून बसणारी प्लास्टिकची रिंग येते. ती फेकू नका. पिशवी तिच्या आतून वर घेऊन तिच्यावर बाहेर दुमडायची आणि रिंग खाली दाबायची. घोळाची गाठ झाकणाच्या बिजागरीच्या बाजूला येऊ देऊ नका, झाकण अर्धवट उघडं राहतं आणि चिलटं तिथूनच आत शिरतात.

झुलत्या झाकणाच्या डब्यात झाकणच चिमट्याचं काम करतं. तिथे दुमड थोडी कमी, दोन इंच ठेवा, म्हणजे झाकण पूर्ण बसेल.

ओल्या कचऱ्याला पिशवी हवीच का?

इतकं सगळं पिशवीबद्दल लिहून हा प्रश्न विचारते आहे, कारण नव्या घरात तो पहिल्याच आठवड्यात समोर येतो. आमच्या लहानपणी दुकानातून येणारी कानाची पातळ पिशवीच केराच्या बादलीला लागायची. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि त्या पिशव्या घरात येणं बंद झालं. त्याआधी २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरातच वेगळा करणं ही रहिवाशाची जबाबदारी ठरवली होती. म्हणजे डबा एक नाही, निदान दोन हवेत. आणि दोन्ही डब्यांना सारखीच पिशवी लागते असं नाही.

सुक्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी बरी. न्हाणीघरातल्या छोट्या डब्यालाही बरी. ओल्या कचऱ्याचं मात्र असं आहे की तो शेवटी खतासाठी जायचा असतो, आणि त्याच्याबरोबर गेलेलं प्लास्टिक कुणाला तरी हाताने बाजूला काढावं लागतं. पुण्यात दारोदारी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सभासद स्वतः कचरावेचक आहेत. १९९३ पासून काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या त्यांच्या संघटनेतून ती संस्था उभी राहिली. आमच्या मजल्यावर येणाऱ्या मावशी ओला कचरा स्वतःच्या बादलीत उपडा करून घेतात आणि पिशवी दिली तर परत करतात. बांधलेली पिशवी उघडताना त्यांना मी एकदा उभी राहून बघितलं आहे. निरगाठ सुटेना म्हणून त्यांनी नखांनी पिशवी फाडली आणि आतलं आंबलेलं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्या दिवसापासून आमच्या ओल्या कचऱ्याच्या डब्याला प्लास्टिकची पिशवी नाही.

त्याऐवजी कागद. सात-आठ इंच उंचीचा छोटा डबा ओट्यावर ठेवा. वर्तमानपत्राची दोन मोठी पानं एकमेकांवर आडवी-उभी ठेवून डब्याच्या तोंडावर पसरा, मधोमध एखादा तांब्या ठेवून तो तळापर्यंत दाबा, म्हणजे कागद चुण्या पडत आत बसतो. तांब्या काढा, वर उरलेल्या कडा बाहेर दुमडा आणि तेच इलॅस्टिकचं कडं लावा. इथेही आधी तळ, मग काठ, कारण काठ आधी दुमडून कागद दाबलात तर तो फाटतो. कागद टिकायचा तर कचरा निथळलेला हवा. चहाचा चोथा गाळण्यातच पाच मिनिटं राहू द्या. सिंकच्या जाळीत अडकलेलं खरकटं मुठीत दाबून पाणी काढा. डबा रोज रिकामा करा. संध्याकाळी वास येत असेल तर कचरा जास्त झालेला नसतो, पाणी जास्त गेलेलं असतं.

तुमच्या भागात ओला कचरा पिशवीतच द्यायची पद्धत असेल तर कंपोस्टेबल पिशव्या घ्या; त्यांच्यावर तसं छापलेलं असतं, शेजारी १७०८८ हा मानकाचा आकडाही असतो. या पिशव्या नेहमीच्या प्लास्टिकसारख्या वागत नाहीत. ओलाव्याने आणि उष्णतेने त्या नरम पडतात, गरम चोथा पडला तर तळाला भोक पडतं. त्यांना ताणून बसवू नका, घट्ट रबर लावू नका, कापडाचं सैलसर कडं पुरे. आणि दोन दिवसांवर डब्यात ठेवू नका. मोठी गुंडाळी आणून वर्षभर माळ्यावर टाकणंही परवडत नाही, त्या आपोआप ठिसूळ होतात.

गौरी-गणपतीच्या दिवसांत रोजचा हिशोब मोडतो. नारळाच्या करवंट्या, शेंड्या, केळीच्या पानांचे दांडे, अळूच्या देठांचे तुकडे. दांड्याचं कापलेलं टोक कुठल्याही पिशवीला आरपार जातं. पानं दांड्यासकट गुंडाळून टोक आत घ्या, करवंटी पालथी टाकू नका, आणि निर्माल्य या डब्यात मुळीच जाऊ देऊ नका. ते वेगळ्या टोपलीत ठेवून निर्माल्य कलशात द्या.

पिशवी काढताना

तीन चतुर्थांश भरली की पिशवी काढायची. वरपर्यंत भरलेल्या पिशवीला गाठ मारायला जागाच उरत नाही, आणि दाबून बसवायला गेलं तर खालचं पाणी वर येतं.

आधी कडं काढा, सुरगाठ सोडा. दुमड चारही बाजूंनी आतल्या अंगाला उलगडा आणि तोंड एकत्र धरा. सरळ वर ओढू नका. डबा एका हाताने थोडा तिरपा करा, पिशवी एका बाजूने सुटी करा म्हणजे कडेने हवा आत जाते, मग उचला. सुक्या कचऱ्याच्या पिशवीलाही सुरगाठच मारा. पुढे ती उघडणारे हात कुणाचे तरी असतात.

फुटलेली काच, ब्लेड, सुया या पिशवीत सुट्या टाकू नका. जाड कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहून वेगळं हातात द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठळक ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की कचरा वेगळा करणारी बाई ते पुडकं उघडत नाही.

पिशवी गेली की डबा रिकामा ठेवायची सवय नको, तसंच त्यात लगेच नवी पिशवी कोंबायचीही नको. आत एक नजर टाका. तळाशी ओल दिसली तर थोडा भांड्यांचा साबण आणि पाणी घालून घासा, पालथा करून खिडकीत ठेवा. पावसाळ्यात वाळायला रात्र लागते, तेवढ्यासाठी मी एक जुनी बादली हाताशी ठेवते. भाचीने डबा वाळवून, स्मॉल पिशवी आणून, मूठ घालून तळ दाबला तेव्हा फोनवर मला तो फुस्स आवाज ऐकू आला. इलॅस्टिकचं कडं मी तिला पुढच्या खेपेला नेऊन दिलं, सव्वीस इंच कापून, जोडाला चार टाके घालून.